काकाजींची हातोडी

आमच्या काकाजींनी जन्मात एकही भांडं नुसतं डोळ्यांनी पाहिलं नाही. पाहिलं ते ठोकूनच. लग्नाचं घर असो, मयताचं असो, देवळातला भंडारा असो, हा माणूस आधी भांड्यांपाशी जायचा आणि मग माणसांपाशी. त्यामुळे ते ज्या घरी गेले त्या घरच्या बाईशी त्यांचं भांडण झालं नाही, असं घर अमरावतीपासून अकोल्यापर्यंत सापडायचं नाही, आणि त्या बायकांत पहिला नंबर माझा. मी आधीच सांगून ठेवते, मी काही त्यांचे गोडवे गायला बसलेली नाही. बावीस वर्षं या माणसानं माझ्या चुलीसमोर बसून मला जाळलं आहे. त्यातलं थोडं तरी कागदावर यावं म्हणून लिहिते.

काकाजी म्हणजे माझे चुलतसासरे. बायको लवकर वारली, मूलबाळ नाही, म्हणून ते आमच्याच घरी राहत आणि नोकरीला रोज गाडीनं बडनेऱ्याला जात. नोकरी रेल्वेत, पण साधीसुधी नाही. स्टेशनात गाडी येऊन थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्याडब्याखाली वाकायचं, प्रत्येक चाकावर एक टोला द्यायचा आणि कान लावायचा. चाक खणखणीत वाजलं की पुढं. बद्द वाजलं की चाकाला तडा गेला, डबा बाजूला काढा. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. स्टेशनातलं घड्याळ चुकेल पण यांचा कान चुकायचा नाही, असं सगळे म्हणत. सगळ्यांत जास्त वेळा काकाजी स्वतः म्हणत. नोकरी संपली तेव्हा सरकारी हातोडी परत द्यावी लागली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लोहाराकडून वीतभर दांड्याची एक चिमुकली हातोडी करून घेतली आणि ती कोटाच्या खिशात घातली. चाकं सुटली आणि भांडी लागली, असं लोक समजत. लोकांना काय माहीत. भांडी त्यांना आधीपासूनच लागलेली होती आणि हे माझ्याइतकं कोणी जाणत नाही.

माझं लग्न झालं तेव्हा माझ्या बापानं मला सतरा भांड्यांचं आंदण दिलं. माझा बाप मोर्शीकडचा माळी, भाजीपाल्याची वाडी करणारा. पितळेचे गंज, म्हणजे आमच्याकडची पातेली, पाण्याचे गुंड, परात, काशाची ताटं, लोखंडी कढई, एकेक वस्तू त्यानं चार बाजारांत फिरून आणली होती. रिवाजाप्रमाणे सगळं आंदण सासरच्या अंगणात सतरंजीवर मांडलं. तेवढ्यात काकाजी ड्यूटीवरून आले, हातात सरकारी हातोडी. कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. खाली बसले आणि पन्नास माणसांसमोर माझं आंदण ठोकू लागले. टण्, "बराबर." टण्, "बराबर." आणि मग एक भांडं उचलून त्यांनी पालथं घातलं, म्हणाले, "बाद." अशी चार भांडी त्यांनी पालथी घातली. वर माझ्या बापालाच समजावून सांगू लागले की दुकानदारानं फसवलं, तुमचा दोष नाही. बापाला त्यातलं काही ऐकू गेलं नसणार. तो हात जोडून उभा होता आणि त्याची मान खाली गेली होती. डोक्यावरून पदर घेतलेली नवी नवरी मी ते सगळं पाहत होते. त्या मिनिटाला मी मनात गाठ मारली की या माणसाला जन्मात माफ करायचं नाही.

त्या चारांतली दोन भांडी वर्षाच्या आत गळायला लागली, ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. मी त्यांच्यात तुरीची डाळ भरून ठेवली आणि पाण्याचा थेंब लागू दिला नाही. काकाजींना कळलं असतं तर ते नाचले असते.

पुढं त्यांनी माझ्या स्वयंपाकघराचं जे रेल्वे स्टेशन करून टाकलं ते काय सांगू. भांडी घासायची राख चाळून घ्यायची, नाहीतर खड्यानं पितळेवर ओरखडे उठतात. माझ्या घरी पीठ एकदा चाळलं जाई आणि राख दोनदा. लोखंडी कढई धुतली की चुलीवर कोरडी करायची आणि तिला जवसाच्या तेलाचं बोट फिरवायचं. मग लेकरू रडत असलं तरी आधी कढई. तापल्या तव्यावर गार पाणी पडलं तर हे परसातून ओरडत यायचे, जणू मी त्यांच्याच पाठीवर ओतलं. कल्हईवाला तर आमच्या गल्लीत यायचाच बंद झाला. काकाजी त्याच्यासमोर उकिडवे बसून प्रत्येक गंजात तोंड घालून पाहायचे आणि जिथं पितळ डोकावेल तिथं पुन्हा कल्हई लावायला लावायचे. तो बिचारा गल्लीच्या तोंडाशी आला की हाक द्यायचं थांबवायचा आणि मुकाट्यानं पलीकडं जायचा. मग मी पदराखाली गंज लपवून शेजारच्या गल्लीत कल्हई करायला पळायचे. माझ्याच घरचा गंज आणि मी चोर. खोटं कशाला बोलू, कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट कढी कळकते हे मलाही माहीत होतं, माझ्या आईनं शिकवलं होतं. पण तेच ऐकायचं ते काकाजींच्या तोंडून, आणि तेही दर सोमवारी, याला सोसणारी बाई निराळी असते.

एकदा एका देशमुखांच्या वाड्यावर पंगत होती. मोठं घराणं, तालुक्यात मान. काकाजींना काशाचं ताट मिळालं. वरणभात वाढून झाला, श्लोक झाला, आणि सगळे पहिला घास उचलणार तेवढ्यात यांनी ताटाच्या काठावर हाताच्या पेरानं टकटक केलं. मग देशमुखांना हाक मारून सांगितलं की ताटाला तडा गेला आहे आणि कोणीतरी आतून डाग देऊन तो बुजवला आहे. सांगितलं ते इतक्या मायेनं की जसं घरात साप दिसला म्हणून सांगावं. पंगत थांबली. देशमुखीणबाई आतून बाहेर आल्या. पुढची दोन वर्षं त्या वाड्यावरून आम्हाला बोलावणं नाही, आणि त्या वाड्यावरच्या आंब्याच्या रसाला मी मुकले. काकाजींना विचारलं तर म्हणे, खरं सांगण्यात पाप काय. मी म्हटलं, पाप नाही, रस गेला. 

पण या सगळ्याच्या वर होता तो सराटा. पुण्याकडच्या बाया ज्याला उलथणं म्हणतात तो आमचा सराटा. भाजी हलवून झाली की सराट्याला चिकटलेली भाजी झटकायला गंजाच्या काठावर तो दोनदा आपटायचा, ही वऱ्हाडातल्या काय, जगातल्या कुठल्याही बाईची सवय. काकाजींना तेवढं एक सहन होत नसे. रोज तिथंच टोला बसला तर चाक सुद्धा फुटते, मग गंजाचं काय, असं त्यांचं म्हणणं. अंगणात खाटेवर असोत, परसात वांग्याच्या रोपांत असोत, सराट्याचा आवाज झाला की तिथून गर्जना यायची: "सूनबाई, सराटा!" सराटा ताटलीत ठेवावा, हा त्यांचा हुकूम. आणि मी? मी आपटायचे. माझ्या बापाची चार भांडी पालथी घातली होती ना? मग दिवसातून चार वेळा आपटायचे. पहिल्या दोन वेळा भाजीसाठी आणि पुढच्या दोन वेळा काकाजींसाठी. बावीस वर्षांत एकही दिवस मी तो सराटा ताटलीत ठेवला नाही आणि शेवटचे काही महिने सोडले तर एकही दिवस त्यांनी ओरडणं चुकवलं नाही.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या आसपासची गोष्ट. बाजारात चांगलं पितळ मिळेना. जिकडेतिकडे जर्मनची भांडी, म्हणजे ती पांढरी, हलकी, अॅल्युमिनियमची. काकाजी त्यांना भांडी म्हणायला तयार नव्हते, कारण ती वाजत नाहीत. नेमकं त्याच वेळी माझ्या लेकीचं लग्न जमलं, आणि जमलं तेही माझ्या माहेराकडं, मोर्शीच्या एका संत्र्याच्या बागवाल्यांकडं. घर चांगलं, पोरगा चांगला, पण सासू मोठी चौकस. सून येण्याआधी आंदण पाहते, असं तिच्याबद्दल बोललं जाई. माझी झोप उडाली. माझ्या लेकीच्या आंदणातलं एकही भांडं पालथं पडता कामा नये. माझ्या बापाची मान जशी खाली गेली तशी माझ्या नवऱ्याची त्या अंगणात जाता कामा नये. यावर उपाय एकच होता आणि तो कोटाच्या खिशात हातोडी घालून माझ्याच अंगणात बसलेला होता.

त्यातच गेल्या काही महिन्यांपासून काकाजींनी नवीन खोडी काढली होती. मी सराटा आपटावा आणि यांनी ढिम्म बसावं. पाठ करून दोन हातांवर बसलेले, पण मान वळवायची नाही. मला असा संताप यायचा की काय सांगू. ओरडणारा माणूस बरा, हा मौनाचा अपमान कोण सोसेल? मी आणखी जोरात आपटायचे. गंजाच्या काठाला पोचा पडला, तरी ढिम्म. मी नवऱ्याला म्हटलं सुद्धा, तुमच्या काकानं मला आता मोजायचंच सोडलं.

तरी लेकीसाठी मी राग गिळला आणि त्यांच्यापुढं जाऊन बसले. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना काही मागितलं. आंदणाला अकोल्याला चला, म्हटलं, तेव्हा ते माझ्या ओठांकडं टक लावून बसले होते. अमरावतीतले भांडेवाले तर त्यांना पाहिलं की दुकानाची फळीच लावून घ्यायचे. तर काकाजी हातोडीशी खेळत खाली पाहत म्हणाले, तूच जा ना, तुला समजते आता. म्हणजे मी आणखी विनवावं असा यांचा बेत, असं मी समजले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण विनवलं. पदर पसरून विनवलं. शेवटी ते उठले आणि कोट घातला.

बडनेऱ्याला गाडी उभी होती. त्यांच्या जागेवर आलेला माणूस चाकं ठोकत चालला होता. एरवी काकाजी त्याच्या मागं मागं जाऊन, याचा हात जड, त्याचं चाक थकलं, अशी बडबड करायचे. त्या दिवशी ते खिडकीत बसून राहिले आणि समोरच्या सिग्नलकडे बघत राहिले. मला वाटलं, म्हातारा रुसला आहे.

अकोल्याच्या भांडेबाजारात एका मोठ्या दुकानात आम्ही शिरलो. दुकानदारानं हातोडी पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. इथंही कीर्ती पोचलेली होती. गिऱ्हाइकं गोळा झाली. काकाजी मांडी घालून बसले. पहिला गंज ठोकला, खणखणीत, म्हणाले, बराबर. दुसरा ठोकला, खणखणीत, बराबर. तिसरा मोठा गंज, वीस माणसांच्या वरणाचा. त्यावर हातोडी पडली आणि आवाज आला तो बद्द. ओल्या मडक्यासारखा. दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईनं सुद्धा वळून पाहिलं. काकाजी म्हणाले, "बराबर."

मला वाटलं, माझीच काही चूक झाली. मग मी पाहिलं. काकाजी भांड्याकडे पाहतच नव्हते. जन्मभर भांड्याकडे कान देऊन बसणारा माणूस आज दुकानदाराच्या तोंडाकडे टक लावून बसला होता; तो चपापतो का, घाबरतो का, हे शोधत होता. आणि दुकानदार पक्का होता. आधी थबकला, मग त्याच्या मिशीत हसू आलं आणि तो शेजारच्या गिऱ्हाइकाकडे पाहून डोळा बारीक करू लागला.

एका क्षणात मला सगळं कळलं. सराटा, खाटेवरची ती वळलेली पाठ, ओठांकडं टक लावणं, तूच जा ना म्हणणं, बडनेऱ्याचा सिग्नल. काकाजींना ऐकू येत नव्हतं. किती महिने, देव जाणे. मला भयंकर राग आला. राग कशाचा म्हणाल तर सगळ्याचाच. सांगितलं का नाही? घरात आम्ही मेलो होतो का? आणि त्याच रागात, खरं सांगते, मला माझा बाप दिसला, हात जोडून मान खाली घातलेला. आज माझ्या हातात होतं. मी नुसतं "बाद" म्हटलं असतं तरी अकोल्याच्या भर बाजारात काकाजींची मान तशीच खाली गेली असती. बावीस वर्षांचा हिशोब चुकता झाला असता. आता ते माझ्याकडे पाहत होते.

मी पुढं झाले, तो वीस माणसांचा गंज दोन्ही हातांनी उचलला आणि काकाजींच्या डोळ्यांसमोर धाडकन पालथा घातला. मग दुकानदाराकडे वळले.

"काहून हो, हसून काहून रायले?" मी म्हटलं. "बद्द वाजलं ते मी ऐकलं, तुमी ऐकलं, पायरीवरच्या त्या बाईनं ऐकलं. काकाजीनं बराबर म्हटलं ते तुमची नियत पाहाले. पोरीच्या आंदणाले फुटका गंज देऊन रायले आन वरून डोळे मिचकावून रायले?"

त्यानंतर मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यात काकाजींच्या वाट्याचा राग होता, मोर्शीच्या विहिणीच्या वाट्याचा होता, माझा स्वतःचा होता. सगळा त्या माणसावर पडला. काकाजींना त्यातलं एक अक्षर ऐकू गेलं नसेल. पण पालथा गंज त्यांना दिसला. ते क्षणभर त्या गंजाकडे पाहत राहिले, मग हळूहळू त्यांची पाठ ताठ झाली आणि ते आपल्या जुन्या आवाजात गरजले, "तेच पाहून रायलो होतो म्या!" दुकानदारानं हात जोडले. बाकीची भांडी आम्ही दोघांनी मिळून निवडली. ते ठोकत आणि माझ्याकडे पाहत. मी भांडं सुलटं ठेवलं की ते बराबर म्हणत, पालथं घातलं की बाद म्हणत. पाहणाऱ्यांना वाटलं, सून सासऱ्याच्या हाताखाली काम करते आहे.

स्टेशनाकडे टांग्यातून येताना त्यांनी हातोडी कोटाच्या खिशात घातली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्या दिवशी म्या भांडेच ऐकले, सूनबाई. तुह्या बापाकडे पाह्यलंच नाई."

मी म्हटलं, आता सांगता? बाप जाऊन नऊ वर्षं झाली, आता सांगता? मोठ्यानं म्हटलं, टांगेवाल्यानं मागं वळून पाहिलं. काकाजींना ऐकू गेलं नाही. मग मला रडू फुटलं आणि त्या रडण्याचाही मला राग आला.

लेकीच्या आंदणातलं एकही भांडं मोर्शीला पालथं पडलं नाही. घरात मी कोणाला काही बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून सराटा ताटलीत ठेवू लागले. ज्याला आवाज जात नाही त्याच्यावर आपटण्यात काय राम? पण झालं असं की काकाजींनी ओरडणं पुन्हा सुरू केलं. मी चुलीवरचं झाकण काढलं, हात हलला, की बावीस वर्षांच्या अंदाजानं ते खाटेवरून गरजायचे, "सूनबाई, सराटा!" लोकांना कळू नये म्हणून ही सगळी धडपड. घरात पाहुणे असले की माझी तारांबळ उडायची. यांची गर्जना फुकट जाऊ नये म्हणून मी ताटलीतला सराटा उचलून घाईघाईनं काठावर आपटायचे. आधी त्यांचं ओरडणं, मग माझा आवाज. कधी कधी तर मी चुलीपाशी नसायचेच, पाटावर मेथी निवडत बसलेली असायचे, आणि अंगणातून हाक यायची. ज्या बाईनं बावीस वर्षांत एकदा हार मानली नाही ती मी, मेथी खाली ठेवून तिथूनच म्हणायचे, "चुकलं, काकाजी." त्यांना ते ऐकू येत नव्हतं म्हणूनच म्हणू शकत होते.

दोन वर्षांनी ते गेले. हातोडी लेक घेऊन गेली. तिची सासू म्हणे आता आपलीच भांडी तिच्याकडून ठोकून घेते. पोचा पडलेला गंज माझ्याकडंच आहे. अजून गळत नाही. भाजी हलवून झाली की सराटा हातात धरून मी थोडा वेळ थांबते, अंगणाकडे कान देते. मग ताटलीत ठेवते.